विश्लेषण : ऑक्सिजन ९५, तरी डॉक्टर व्हेंटिलेटरचे का बोलतात? आयसीयूत ‘श्वासाचे श्रम’ कसे मोजतात?

अंधेरी असो, बोरिवली असो वा मुलुंड. आयसीयूबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ऑक्सिजन किती आहे?’ उत्तर ‘९५’ आले की जीव भांड्यात पडतो. अशातच डॉक्टर व्हेंटिलेटरचे संमतीपत्र पुढे करतात आणि गोंधळ उडतो. आकडा चांगला आहे, मग घशात नळी कशाला? बिल वाढवायला तर नाही ना? या शंकेत निर्णय लांबतो आणि कधी कधी मोलाचा वेळ जातो. ऑक्सिमीटरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तो आकडा टिकवण्यासाठी रुग्णाला किती कष्ट पडत आहेत, ही उरलेली अर्धी.

करोनाकाळात काय दिसले?

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, राज्याच्या आरोग्य विभागाने घरच्या घरी सहा मिनिटे चालण्याची चाचणी सुचवली होती. चालून झाल्यावर ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरला किंवा धाप लागली, तर रुग्णालय गाठायचे. बसल्या जागचा आकडा फसवू शकतो, हाच त्यामागचा विचार होता. मरोळचे सेव्हन हिल्स, गोरेगावचे नेस्को, मुलुंडचे जम्बो केंद्र या नावांसोबत ‘हाय फ्लो’ आणि ‘पालथे झोपवणे’ हे शब्दही त्याच काळात उपनगरांतल्या घराघरांत पोहोचले.

श्रम वाढले तर बिघडते काय?

निरोगी माणसाच्या शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी पाच टक्क्यांहूनही कमी भाग श्वसनाचे स्नायू वापरतात. गंभीर आजारात हा वाटा २० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. म्हणजे मिळवलेला ऑक्सिजन तो मिळवण्यातच खर्च होतो. स्नायू थकले की श्वास अचानक मंदावतो आणि आकडा झपाट्याने कोसळतो.

दुसरा धोका फुप्फुसांचा. आधीच सुजलेले फुप्फुस रुग्ण जोर लावून पुन:पुन्हा ताणत राहिला, तर त्याला आणखी इजा होऊ शकते, असे तज्ज्ञ मानतात. त्यामुळे काही वेळा श्वासाचा जोर कमी करणे हाच उपचार ठरतो.

मोजतात कसे?

पहिले साधन डॉक्टर आणि परिचारिकांचे डोळे. प्रौढ व्यक्ती शांत असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेते. वेग ३० च्या पुढे जाणे, मानेचे स्नायू ताठणे, नाकपुड्या फुगणे, श्वास घेताना पोट आत जाणे ही श्रमाची लक्षणे.

दुसरे साधन साधे गणित, म्हणजे ‘रॉक्स इंडेक्स’. ऑक्सिमीटरच्या आकड्याला दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचे आणि आलेल्या उत्तराला श्वासाच्या वेगाने. समजा, दोन रुग्णांचा ऑक्सिजन ९५ आहे आणि दोघांनाही ६० टक्के (०.६) ऑक्सिजन सुरू आहे. मिनिटाला २० श्वास घेणाऱ्याचा निर्देशांक ७.९ येतो, ३४ श्वास घेणाऱ्याचा ४.७. न्यूमोनियामुळे हाय फ्लोवर असलेल्या रुग्णांच्या २०१९ मधील अभ्यासात ४.८८ किंवा त्याहून जास्त निर्देशांक असलेल्यांना नळी घालावी लागण्याचा धोका कमी आढळला. ऑक्सिमीटरवर दोघे सारखे; धोका मात्र वेगळा. अर्थात, केवळ या एका आकड्यावर निर्णय होत नाही.

रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल, तर यंत्रच मोजते. श्वास सुरू होताना झडप एक दशांश सेकंद बंद राहते आणि तेवढ्यात रुग्णाने किती ओढ लावली ते दिसते. याला ‘पी ०.१’ म्हणतात. पाण्याच्या साधारण साडेतीन-चार सेंटीमीटर दाबापेक्षा ही ओढ जास्त असेल तर श्रम जास्त, एकपेक्षा कमी असेल तर फारच कमी. रुग्णाला हे कळतही नाही. मोजक्या रुग्णांमध्ये नाकावाटे अन्ननलिकेत फुगा असलेली बारीक नळी सोडून छातीतला दाब मोजतात. सोनोग्राफीने श्वासपटलाची, म्हणजे डायफ्रॅमची, हालचालही पाहता येते.

श्रम कमी कसे करतात?

सुरुवात ताप, वेदना, भीती आणि साचलेला कफ यांवरील उपायांनी होते. मग हाय फ्लो यंत्र, ज्यातून मिनिटाला ६० लिटरपर्यंत उबदार, दमट हवा मिळते; किंवा मास्कवाटे दाब देणारे बायपॅप. काही रुग्णांना पालथे झोपवल्याने फायदा होतो. एवढे करूनही श्रम कमी झाले नाहीत, तर गुंगी देऊन नळी घालतात आणि श्वासाचा भार यंत्रावर टाकतात.

मग पूर्ण विश्रांतीच का नाही?

कारण न वापरलेला स्नायू झिजतो. मेंदू मृत झालेल्या अवयवदात्यांवरील २००८ च्या अभ्यासात १८ ते ६९ तास पूर्णपणे व्हेंटिलेटरवर असलेल्यांच्या श्वासपटलाचे स्नायुतंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. म्हणून शक्य होताच गुंगी कमी करतात आणि अर्धा ते दोन तास रुग्णाला जवळपास स्वतःच्या बळावर श्वास घ्यायला लावून पाहतात. श्रम फार नकोत आणि अगदी शून्यही नकोत, असा हा तोल आहे.

नातेवाइकांनी काय विचारावे?

• श्वासाचा वेग किती? कालपेक्षा वाढला की कमी झाला?
• ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतो?
• मानेचे स्नायू वापरून श्वास घ्यावा लागतो आहे का?
• व्हेंटिलेटरवर असल्यास, स्वतःहून श्वास घेण्याची चाचणी कधी करणार?

घरी कुणाला धाप लागली असेल, तर ऑक्सिमीटरसोबत घड्याळही घ्या आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. वेग ३० च्या पुढे असेल, एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगला असला तरी थांबू नका. १०८ ला फोन करा.