महिन्याचे १०० किलोमीटर

महिन्याला १०० किलोमीटर पळायचं ठरवलं की पहिला आठवडा जोमात जातो, बहुधा शेवटचाही. गाडी अडते ती मधल्या पंधरवड्यात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३०च्या दशकात उंदरांना लांब बोळातून अन्नाकडे पळवलं. अन्न जवळ येई तसा त्यांचा वेग वाढे. माणसाचंही तेच. सुमारे एक कोटी मॅरेथॉन-वेळा तपासणाऱ्या २०१७च्या अभ्यासात चार तास भरण्याच्या जरासं आधी पोचणाऱ्यांची गर्दी दिसली, जरासं नंतर ती ओसरलेली. पायांना चार तासांचं काय कौतुक!

मग मधल्या दिवसांचं काय? मिनजंग कू आणि आयलेट फिशबाक यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की झालेलं आणि उरलेलं यांपैकी जो आकडा लहान, त्यावर नजर ठेवली की उत्साह टिकतो. २० झाले, तर झालेले मोजा. ८० झाले, तर उरलेले. ५०च्या आसपास दोन्ही सारखेच, म्हणून तिथं कंटाळा दाटतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी सरळ आठवड्याचं लक्ष्य धरावं, असं माझं मत. मधला टप्पा लवकर सरतो. मात्र ३० तारखेला उरलेले २५ किलोमीटर एका दमात उरकू नयेत. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि कंडरा सावकाश बळकट होतात.