किडनीच्या पेशीला प्रवाह कसा कळतो? आणि माझा १६-३२ चा घोळ

पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर आलं की काठच्या उसाकडे बघा. बुडखा जमिनीत घट्ट, शेंडा पाण्याच्या ओढीनं वाकलेला. किती वाकलाय यावरून ओढीचा अंदाज येतो. किडनीच्या नलिकेतली पेशीही साधारण असंच काहीतरी करते, असं मानलं जातं.

या पेशीवर, नलिकेच्या पोकळीत डोकावणारा एकच बारीक तंतू असतो: प्रायमरी सिलियम. जाडी सुमारे ०.२ मायक्रॉन, लांबी काही मायक्रॉन. तो वाकवला की पेशीतलं कॅल्शियम वाढतं, हे प्रिटोरियस आणि स्प्रिंग यांनी २००१ मध्ये दाखवलं. २००३ मध्ये नौली आणि सहकाऱ्यांनी त्याचा संबंध पॉलिसिस्टिन-१ आणि २ या प्रथिनांशी जोडला. यांच्या जनुकांत बिघाड झाला की किडनीत पाण्याच्या पिशव्या होणारा आनुवंशिक आजार होतो. म्हणून एवढ्याशा तंतूमागे इतके लोक लागलेत.

मॉडेलमध्ये सिलियम म्हणजे एका टोकाला पक्की केलेली लवचीक काठी, कॅन्टिलिव्हर. पहिल्या वर्षी मी काठीच्या पूर्ण लांबीवर सारखाच भार धरला. उत्तर आलं: लांबी दुप्पट केली तर टोक १६ पट सरकतं. मी खूश! गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "भिंतीला चिकटलेल्या पाण्याचा वेग किती?"

शून्य! भिंतीपासून वर जाऊ तसा वेग वाढतो, म्हणजे भारही बुडख्याशी शून्य आणि टोकाशी सर्वांत जास्त. मग लांबीचा चौथा नाही, पाचवा घात येतो. १६ नाही, ३२ पट. तेही वाकणं थोडं असेल तोवरच. जास्त वाकल्यावर हे सोपं सूत्र चालत नाही. १९९७ मध्ये श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी मोठं वाकणं धरून गणित मांडलं होतं. ते आधी वाचलं असतं तर दोन महिने वाचले असते.

पण खरी अडचण पुढेच आहे. २०१६ मध्ये डेलिंग आणि सहकाऱ्यांनी सिलियममध्येच कॅल्शियम दाखवणारं प्रथिन बसवून तो वाकवला. आत कॅल्शियम शिरताना दिसलं नाही. दुसरीकडे, सिलियम काढून टाकलेल्या पेशी प्रवाहाला प्रतिसाद देत नाहीत, हे २००३ चं निरीक्षण आहेच. वाद अजून मिटलेला नाही. आणि आपलं मॉडेल सांगतं ते फक्त वाकणं. पेशी त्यातून काय ऐकते, हे त्यात कुठेच नाही.

माझ्या कोडमध्ये वाकणं आणि कॅल्शियम यांना जोडणारी एक ओळ होती, गृहीत धरून लिहिलेली. ती आता वेगळ्या फाइलमध्ये काढलीय. ती बंद ठेवूनही बाकीचं मॉडेल चालतं.