पावसात मोरी उलटी का वाहते?

मुसळधार पावसात उपनगरांतल्या सखल भागात तळमजल्याच्या मोरीतून घाण पाणी वर येते. लोक म्हणतात, “गटार तुंबले.” पण दर वेळी दोष तुंबण्याचाच असतो का?

मुंबईत सांडपाणी आणि पावसाचे पाणी यांच्या वाटा बहुतेक ठिकाणी निराळ्या आहेत. पावसाचे पाणी नाल्यांतून खाडीला मिळते. घरचे सांडपाणी जमिनीखालच्या मलवाहिनीतून जाते. मलवाहिनीचे माप ठरते ते घरातल्या पाण्यावरून, पावसावरून नव्हे.

थोडे गणित करू या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे १०० चौरस मीटर अंगणावर ९४,४०० लिटर पाणी! माणशी रोज १३५ लिटर धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला हे पाणी सुमारे १४० दिवस पुरेल. अंगणातले पाणी काढण्यासाठी कोणी चेंबरचे झाकण उघडले, की हे सारे पाणी, गाळासकट, मलवाहिनीत घुसते.

मग काय होते? जोडलेल्या भांड्यांत पाणी समान पातळीवर येते, हे तुम्ही शिकला आहात. रस्त्यावरच्या चेंबरमधली पातळी तुमच्या मोरीहून उंच झाली, की पाणी मोरीतून वर येणारच!

अडथळा कोठे आहे हे ओळखता येते. फक्त तुमचीच मोरी तुंबली असेल, तर जाळीखालचे केस व कचरा काढा, रबरी दट्ट्या वापरा. वरच्या मजल्यावर नळ सोडताच तळमजल्याची मोरी भरत असेल, तर अडथळा खालच्या मुख्य नळात आहे. रस्त्यावरचे चेंबरही भरले असेल, तर दट्ट्याचा उपयोग नाही. घरातला पाण्याचा वापर थांबवा आणि महापालिकेला १९१६ क्रमांकावर कळवा.

तुंबणे टाळणे मात्र सोपे आहे. वनस्पती तुपासारखे स्निग्ध पदार्थ नळात थिजून भिंतींना चिकटतात, त्यात भात व चहाचा चोथा अडकतो. म्हणून खरकटी भांडी आधी कागदाने पुसा, मग धुवा.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. चेंबरमध्ये कोणालाही उतरू देऊ नका. आत हायड्रोजन सल्फाइड वायू असू शकतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण वाढले, की नाक बधिर होते आणि धोका कळतच नाही. सुरक्षासाधनांविना माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी असे मृत्यू थांबलेले नाहीत. बंद झाकण घर वाचवते, आणि माणूसही.