जुनी व्हॅन घेताना गिअर कोणता निवडावा?

भाजीपाला, फवारणी पंप आणि घरची माणसे एकाच वाहनातून नेता यावीत म्हणून अनेक बागायतदार जुनी व्हॅन घेतात. घेताना रंग व टायर पाहिले जातात. गिअरपेटीकडे मात्र दुर्लक्ष होते. पुसद परिसर डोंगराळ असल्याने चढ-उतारावर तिचाच कस लागतो.

उपलब्ध प्रकार : मारुती ओम्नी (१९८४ ते २०१९) चार गिअरची, तर २०१० मध्ये आलेली ईको पाच गिअरची. दोन्हींत गिअर हातानेच टाकावे लागतात. २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टासारख्या मोठ्या गाडीत मात्र दोन्ही प्रकार आढळतात.

फरक कोठे? हाताच्या गिअरमध्ये क्लच प्लेट झिजते. ती बदलण्याचे काम तालुक्याचा मेकॅनिक करू शकतो. बॅटरी उतरल्यास गाडी ढकलूनही सुरू होते. स्वयंचलित पेटीत तेलाच्या दाबावर गिअर बदलतात. डाव्या पायाला आराम मिळतो. गुडघेदुखी असणाऱ्यांना व शहरातील गर्दीत ती सोयीची आहे. परंतु दुरुस्तीस खास अवजारे व जाणकार कारागीर लागतो आणि खर्चही मोठा येतो.

घेण्यापूर्वी पुढील तपासणी करावी :

१) हाताचा गिअर : सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढून तिसरा गिअर टाकावा. थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. चालूच राहिले तर प्लेट झिजली आहे असे समजावे. चाचणी एकदाच करावी.

२) चालत्या गाडीत पाय सैल करताच गिअर निसटतो का, खालचा गिअर टाकताना खरखर होते का, हे पाहावे.

३) स्वयंचलित गिअर : ब्रेक दाबून मागचा व पुढचा गिअर आळीपाळीने टाकावा. पकड उशिरा येणे किंवा जोराचा धक्का बसणे हे दोषाचे लक्षण होय. तेल काळपट व जळकट वासाचे असल्यास गाडी घेऊ नये.

घाट उतरताना कोणत्याही गाडीत खालचा गिअर ठेवावा. इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रल करू नये. सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात व निकामी होऊ शकतात.

थोडक्यात, गाडी मालवाहतुकीसाठी असेल आणि स्वयंचलित पेटीचा कारागीर जवळ नसेल, तर हाताचा गिअरच निवडावा. तोडलेला भाजीपाला दुरुस्तीसाठी थांबत नाही.