जुने काचघर घेताना आणि हलवताना

थंड हवेच्या ठिकाणचे बंगले, हॉटेले, मोठ्या नर्सऱ्या यांच्या आवारात काचेच्या भिंतींची आणि काचेच्याच छपराची रोपघरे अधूनमधून दिसतात. मालक बदलला, जागेवर नवे बांधकाम निघाले किंवा देखभाल परवडेनाशी झाली की अशी काचघरे विक्रीस निघतात. विकणाऱ्याला जागा मोकळी करण्याची घाई असते. त्यामुळे नव्याच्या मानाने फार कमी भावात माल मिळतो. भंगाराचा, काचेचा किंवा अॅल्युमिनियम फॅब्रिकेशनचा धंदा करणाऱ्या आपल्या बंधूंना अशा सौद्याची संधी येते. संधी चांगली आहे. मात्र या सौद्यात नफा जितका आहे तितकाच धोका आहे, आणि धोका केवळ पैशाचा नाही, हातापायांचाही आहे. म्हणून आजच्या लेखात या विषयाची थोडी तपशीलवार माहिती देत आहोत.

काचघर उचलून दुसरीकडे नेणे ही काही नवी गोष्ट नाही. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन या माळीकाम जाणणाऱ्या माणसाने लोखंड आणि काचेचा प्रचंड 'क्रिस्टल पॅलेस' उभारला. प्रदर्शन संपल्यावर तो खोलून सिडनहॅम येथे नेला आणि तेथे वाढवून १८५४ साली पुन्हा उघडण्यात आला. हे शक्य झाले, कारण त्याचे भाग ठरावीक मापाचे होते आणि एकाच्या जागी दुसरा बसत होता. आपल्याकडच्या काचघरांत ही सोय बहुधा नसते. येथे प्रत्येक काच आपापल्या चौकटीच्या मापाने बनवलेली असते. घोळ नेमका येथेच होतो.

एक अनुभव

आमच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटर बंधूने एका हॉटेलचे १० फूट रुंद आणि २० फूट लांब काचघर घेतले. घेणारे गिऱ्हाईक तयार होते. वेळ वाचावा म्हणून त्याने इकडे काचघर खोलायला माणसे लावली आणि तिकडे गवंड्याला १० बाय २० चे जोते बांधायला सांगितले. माप तोंडी दिले होते. सांगाडा उभा करायला गेले तेव्हा जोते एका बाजूने एक इंच आखूड निघाले. गवंडी म्हणाला, "काच इंचभर कापून घ्या." पण ती टफन काच होती. शेवटी नवे जोते फोडावे लागले. त्या गडबडीत दोन काचा नुसत्या फरशीवर उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यातली एक कोणी हात न लावता क्षणात चुरा झाली. त्या सौद्यात मेहनतानाही सुटला नाही.

या अनुभवातून एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. सांगाडा वाकवता येतो, जोते बदलता येते, टफन काच मात्र आहे तशीच राहते. तेव्हा सगळे काम काचेच्या मापाने चालले पाहिजे.

टफन काच म्हणजे काय?

साधी काच भट्टीत सव्वासहाशे-साडेसहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर थंड हवेचा झोत सोडतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. या दाबामुळेच ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. फुटली तर लांब सुऱ्यांसारखे तुकडे होत नाहीत, बोथट कडांचे लहान लहान दाणे होतात. म्हणून तिला सेफ्टी ग्लास म्हणतात.

पण हा तोल कोठेही मोडला की सगळी काच एकदम जाते. म्हणून ती भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कड घासून लहान करता येत नाही. मध्यभागी बऱ्यापैकी मार सोसणारी ही काच कडेवर आणि कोपऱ्यावर नाजूक असते. फरशी, दगड, लोखंड यांवर कोपरा टेकला तरी ती फुटू शकते.

लॅमिनेटेड काच वेगळी. तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात. डोक्यावरच्या छपराला ही काच अधिक चांगली, कारण टफन काच वरून फुटली तर दाण्यांचे गठ्ठे खाली कोसळू शकतात.

सौद्याआधी काय पाहावे?

प्रथम काच ओळखावी. टफन काचेच्या कोपऱ्यात बहुधा बारीक शिक्का असतो. त्यावर कारखान्याचे नाव आणि काही वेळा आयएस २५५३ हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो. शिक्का नसेल तर पोलराइज्ड गॉगल लावून सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या नजरेने पाहावे. टफन काचेत ठिपके किंवा पट्टे दिसतात. कड पाहिली तर लॅमिनेटेड काचेचे दोन थर कळतात. हातोडी मारून परीक्षा कधीही घेऊ नये. आणि एक काच टफन निघाली म्हणून सगळ्या टफन आहेत असे समजू नये. फुटलेल्या जागी मालकाने साधी काच बसवलेली असू शकते. प्रत्येक काच तपासावी. साध्या काचा डोक्यावर येणार असतील तर त्या सौद्यात मोजूच नयेत.

नंतर कडा पाहाव्यात. कडेला टवका उडालेला असेल तर ती काच आज उभी असली तरी उद्या खोलताना जाईल असे धरावे. दोन काचा एकमेकींना चिकटून ओल्या राहिल्या असतील तर त्यांवर पांढरे डाग पडतात. ते बहुधा धुऊन जात नाहीत.

तिसरी गोष्ट वजन. १ मिलिमीटर जाडीच्या १ चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलो भरते. म्हणजे ५ मिलिमीटर काचेचे वजन दर चौरस फुटाला सुमारे १.१६ किलो झाले. १० बाय २० फुटांचे, ७ फूट उंच भिंतींचे, मध्ये अडीच फूट चढाचे छप्पर असलेले काचघर घेतले तर एकूण काच सुमारे ६७० चौरस फूट येते. तिचे वजन पावणेआठशे किलोंच्या आसपास. यात सांगाडा आणि घोडीचे वजन धरलेले नाही. पाऊण टनाच्या टेम्पोत हा माल एका खेपेत बसणार नाही, हे भाव ठरवण्याआधीच कळले पाहिजे.

सौदा लेखी करावा. काचांची संख्या, त्यांची मापे, बयाण्याची रक्कम, गाडीत चढेपर्यंत फूट झाल्यास ती कोणाच्या अंगावर, हे सगळे पावतीवर यावे. विकणारा भाडेकरू असेल तर जागामालकाची संमती घ्यावी. पन्नास हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा धंद्याचा माल दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल तर ई-वे बिल लागते. राज्यांतर्गत नियम आपल्या कर सल्लागाराला विचारावा.

खोलताना

स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याआधी चारही बाजूंचे आणि छपराचे फोटो काढावेत. कागदावर आकृती काढून प्रत्येक काचेला आणि प्रत्येक सेक्शनला क्रमांक द्यावा. मास्किंग टेपवर मार्करने 'पूर्व १', 'पूर्व २' असे लिहून चिकटवावे. या कामाला अर्धा दिवस जातो, पण उभारताना दोन दिवस वाचतात.

वारा नसलेला दिवस निवडावा. आधी छपराच्या काचा, मग भिंतींच्या, नंतर दारे-खिडक्या आणि शेवटी सांगाडा. हलक्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्याला बरीचशी ताकद काचेमुळे आलेली असते. काचा निघाल्या की तो डुलू लागतो. म्हणून आधीच तिरके आधार बांधून घ्यावेत. सिलिकॉन पातळ ब्लेडने कापावे, काच उचकटू नये. गंजलेल्या नट-बोल्टांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

कारागिरांना हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्या आणि बंद बूट हवेतच. निसटलेली काच कोणीही झेलायला जाऊ नये. काच पुन्हा विकत मिळते. हाताची शीर तुटली तर कारागिराचे घर बसते.

वाहतूक

काच आडवी टाकून कधीही नेऊ नये. 'ए' आकाराची लाकडी घोडी करून तिच्यावर काचा थोड्या कलत्या, कडेवर उभ्या ठेवाव्यात. खाली रबर किंवा जाड गालिचा, दोन काचांमध्ये कोरडा कागद किंवा फोम, आणि बांधायला रुंद पट्टा. तार वापरू नये. काचा गाडीच्या लांबीच्या दिशेने उभ्या असाव्यात आणि घोडी गाडीला घट्ट बांधलेली असावी. पावसाळ्यात हे काम टाळलेले बरे.

आपल्याकडे एक वाईट पद्धत आहे. घोडी करण्याचा खर्च वाचवण्यासाठी दोन पोरांना टेम्पोत मागे बसवतात आणि काच धरायला सांगतात. एका ब्रेकसरशी काही क्विंटल काच त्यांच्या अंगावर येते, आणि तेवढे वजन हातांनी रोखता येत नाही. आमची कळकळीची विनंती आहे की, काचेबरोबर मागे माणूस बसवू नये. एवढी खबरदारी परवडत नसेल तर तो सौदाच परवडत नाही असे समजावे.

पुन्हा उभारताना

खोललेल्या सांगाड्याचे खालचे सेक्शन जमिनीवर जोडून त्यांचे माप घ्यावे आणि त्या मापाने जोते बांधावे. दोन्ही कर्ण सारखे भरले, गुण्या आणि लेव्हल बरोबर आली, तरच पुढे जावे. सांगाडा जरा जरी तिरका राहिला तर टफन काचेच्या कोपऱ्यावर ताण येतो, आणि ती पहिल्या उन्हातच फुटण्याची भीती असते. सिमेंटचे काम पूर्ण सुकू द्यावे. ओल्या सिमेंटचे शिंतोडे काचेवर आणि अॅल्युमिनियमवर डाग पाडतात.

जुने रबर पुन्हा वापरू नये. काच धातूला कोठेही टेकू नये, खाली रबरी ठोकळे आणि चारही बाजूंना थोडी मोकळी जागा हवी. कोकणातल्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी बोल्ट टिकत नाहीत, तेथे स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. आधी भिंतींच्या काचा, नंतर छपराच्या. अर्धवट काचा लावून काम रात्रभर सोडू नये. तशा घरात वारा शिडात शिरावा तसा भरतो.

कमी पडलेली काच कारखान्यातून अचूक मापाने करून घ्यावी लागते. भोक किंवा खाच हवी असेल तर तीही भट्टीत जाण्याआधीच सांगावी लागते. गिऱ्हाईक तयार असेल तर त्या जागी पॉलिकार्बोनेट शीट बसवता येते.

हिशेब आणि सचोटी

खरेदीच्या भावावर भाळू नये. खोलण्याची मजुरी, घोडी, गाडी, नवे रबर-सिलिकॉन-बोल्ट, जोते आणि फुटीची तरतूद, हे सगळे मांडून मग बोली करावी. आम्ही तरी दहा काचांमागे एक जाईल असे धरून चालतो.

गिऱ्हाईकालाही सत्य सांगावे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत शेतीसाठी पॉलिहाऊस स्वस्त आणि सोयीचे पडते. काचघर येथे उन्हाळ्यात फार तापते, त्याला वरच्या खिडक्या आणि शेडनेट लागतेच. कोणती काच टफन आहे, कोणती साधी, कोठे टवका आहे, हेही दाखवून द्यावे. मालातला ऐब झाकून विकू नये, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. शिवाय या मालाचा ऐब झाकलाही जात नाही. टवका लपवून विकलेली काच एखाद्या दुपारी गिऱ्हाईकाच्या डोक्यावर फुटते, आणि त्यानंतर त्या गावात आपल्याला दुसरा सौदा मिळत नाही.