घरचा लॅपटॉप : आपल्या हाती काय, मिस्त्रीच्या हाती काय?



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण ज्या घरात एकच लॅपटॉप आहे, त्यावरच थोरल्याचा अभ्यास, धाकटीचा परीक्षेचा अर्ज आणि वडिलांचा सातबारा चालतो, त्या घराला तो किरकोळ नाही. एकशिक्षकी शाळेत तर हजेरीपासून शिष्यवृत्तीच्या माहितीपर्यंत सारे त्या एका पेटीत असते. ती पेटी बंद पडली, की ती पिशवीत घालून चाकणला किंवा राजगुरुनगरला न्यायची, तिथे जमले नाही तर पुण्याची वाट धरायची, हा आपला रिवाज. एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते आणि कित्येकदा कळते काय, तर आत नुसती धूळ बसली होती!

आपला हा पिंपरी-चिंचवडचा पट्टा खरे पाहता दुरुस्ती जाणणाऱ्या हातांचा. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारांत कारखान्यांची रांग लागली. पुढे ही रांग चाकणपर्यंत गेली. २००९ साली फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना तिथे सुरू झाला. या कारखान्यांतले फिटर, इलेक्ट्रिशियन, मेंटेनन्सची माणसे खेड, मावळ, शिरूरच्या गावांतून राहतात. रात्रपाळी करून सकाळी माझ्या वर्गात येऊन बसणारी मुलेही त्यांतलीच. नवल असे, की कोट्यवधींचे यंत्र अडले तर न डगमगता त्याच्या पोटात शिरणारा हा गडी घरचा लॅपटॉप अडला की हात आखडता घेतो. मी स्वतः एम. ए. झालेला, पुस्तकांतला माणूस. पण या मुलांच्या शेजारी बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लॅपटॉपला वेगळी विद्या लागत नाही. कारखान्यातली शिस्तच तिथे लागते.

ती शिस्त कोणती? जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेली एक रीत आपल्याकडच्या कारखान्यांतही शिकवतात : बिघाड दिसला की पाच वेळा ‘का?’ असे विचारायचे. लॅपटॉप मध्येच बंद पडतो. का? फार तापतो म्हणून. का तापतो? पंख्याचा वारा बाहेर पडत नाही. का पडत नाही? जाळीत धूळ कोंडली आहे. का कोंडली? तो गादीवर, उशीवर ठेवून वापरतात, तिथला कापूस पंखा आत ओढतो. गादीवर का ठेवतात? घरात टेबल नाही. म्हणजे जाळी साफ करणे ही आजची दुरुस्ती झाली, पण खरी दुरुस्ती एका फळीची आहे! दुसरा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तरी रोग कोणता होता ते कळत नाही.

आता क्रमाने पाहू. लॅपटॉप मुळीच सुरू होत नाही, दिवाही लागत नाही, तर आधी भिंतीतला प्लग दुसरे काही लावून तपासावा. मग चार्जर. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ म्हणून आकडा असतो. बहुधा १९, १९.५ किंवा २० व्होल्ट. साधा मल्टिमीटर डीसी २०० च्या खुणेवर ठेवून गोल पिनेच्या आतल्या व बाहेरच्या कड्यांना टोके लावली, की तेवढाच आकडा दिसला पाहिजे. टोके एकमेकांना भिडू देऊ नयेत. शून्य दिसले तर चार्जर वा त्याची वायर गेली. नव्या टाइप-सी टोकाच्या चार्जरची मात्र अशी मोजणी होत नाही. तो दुसरा जुळणारा चार्जर लावूनच पाहावा. बदली चार्जर घेताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

चार्जर ठीक आणि यंत्र मुके, तर एक बिनखर्चाचा उपाय करावा. चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी, आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत साठून राहिलेला विजेचा अंश निघून जातो. मग नुसता चार्जर जोडून पाहावे. पुष्कळ वेळा एवढ्यावरच भागते.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, अशी तक्रार असेल तर अंधारात पडद्यावर तिरकी बॅटरी मारावी. आत पुसटसे चित्र दिसले, तर पडद्यामागचा उजेड गेला आहे. चित्र नसेल तर एचडीएमआय वायरने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडावा. टीव्हीवर चित्र उमटले म्हणजे यंत्र शाबूत असून दोष पडद्याचा किंवा त्याच्या वायरचा आहे. नवा पडदा येईपर्यंत शाळेचे काम टीव्हीवर चालू शकते, हा फायदा वेगळाच. टीव्हीवरही काही नाही आणि यंत्र पिक्-पिक् आवाज करते, तर संशय रॅमच्या पट्टीवर घ्यावा. ती सैल झाली किंवा तिच्या सोनेरी दातांवर मळ बसला, की असे होते.

इथे यंत्र उघडावे लागते, म्हणून जरा थांबून सांगतो. हमीची मुदत संपली आहे ना, हे आधी पाहावे. मुदतीत असेल तर उघडू नये. मग चार्जर काढावा आणि झाकण निघताच पहिल्यांदा आतल्या बॅटरीची जोडणी सोडवावी. नायलॉनचे कपडे नसावेत; हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तर आधी लोखंडी खिडकीच्या रंग उडालेल्या भागाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. ती आपल्याला जाणवतही नाही, पण बारीक भाग जाळू शकते. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने लावावा. सगळे स्क्रू सारखे दिसले तरी लांबी निराळी असते. आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो आत मुख्य पट्टीत रुततो. झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. जुने प्लास्टिकचे कार्ड फटीत सरकवावे. लेनोवो, डेल, एचपी या कंपन्या आपल्या पुष्कळ यंत्रांची दुरुस्तीपुस्तके इंटरनेटवर फुकट देतात. मॉडेलचा क्रमांक घालून ते पुस्तक आधी पाहावे. इंग्रजी कच्चे असले तरी चित्रे बोलकी असतात.

रॅमच्या दोन बाजूंच्या चिमट्या बाहेर दाबल्या की पट्टी तिरकी वर येते. तिचे दात स्वच्छ खोडरबराने हलके पुसावेत, कण झटकावेत, पट्टी तिरकी बसवून खाली दाबावी. ‘टक्’ आवाज आला म्हणजे बसली. पंख्याची धूळ मऊ ब्रशाने किंवा हातपंपाच्या वाऱ्याने काढावी, मात्र पाती काडीने अडवून धरावीत, नाहीतर ती गरगरून बिघडतात.

यंत्र चालते, पण बैलगाडीसारखे, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. जुन्या लॅपटॉपला याहून गुणकारी औषध नाही. आतून ‘टक-टक’ असा आवाज येत असेल तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे असे समजून सगळ्यात आधी मुलांची प्रमाणपत्रे, शाळेची माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. डिस्क बाजारात मिळते, माहिती मिळत नाही. कळफलकाच्या दोन-चार कळा गेल्या, तर बाहेरून यूएसबी कळफलक जोडावा, काम भागते.

पाणी किंवा चहा सांडला तर क्षणाचाही विलंब न लावता बंद करावा, चार्जर ओढावा आणि उघड्या पुस्तकासारखा पालथा ठेवावा. दोन दिवस सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. तांदळात पुरण्याचा उपयोग नाही. कण मात्र आत जातात. साखरेचा चहा असेल तर वाळल्यावरही चिकटा राहतो, तो जाणत्याकडूनच साफ करून घ्यावा.

आता हात कुठे थांबवावा, ते नीट ऐका. चार्जर कधीही फोडू नये. त्यात २३० व्होल्ट येतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ वीज साठलेली असते. झाकण नीट मिटत नाही, टचपॅड वर आला आहे, टेबलावर ठेवले की यंत्र डुगडुगते, ही बॅटरी फुगल्याची चिन्हे. अशा बॅटरीला टोचणे, दाबणे, सपाट करायचा प्रयत्न करणे म्हणजे आगीला बोलावणे. चार्जिंग तात्काळ थांबवावे, यंत्र गवत, सरपण, कपडे यांपासून दूर फरशीवर ठेवावे आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी. ती उकिरड्यावर टाकू नये. २०२२ सालच्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मुख्य पट्टीवरचे डाग लावण्याचे कामही मिस्त्रीचेच. आणि चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर आधी शाळेचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे, हा विचार आता सरकारनेही धरला आहे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पण हक्क कागदावर मिळतो, हात सरावाने तयार होतो. आपल्या भागात पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि त्या दिवशी शाळा उघडी असते. गावातल्या एखाद्या फिटरदादाला गुरुवारी दुपारी शाळेत बोलवा. भंगारात निघालेला एक लॅपटॉप मिळवा, बॅटरी आधी काढून ठेवा, आणि गुरुजींनी व मोठ्या वर्गातल्या मुलांनी मिळून तो उघडून पुन्हा जोडावा. सोबत एक वही ठेवा : कोणत्या तारखेला काय बिघडले, का बिघडले, काय केले. दवाखान्यात रोग्याचा कागद असतो, तशी ही यंत्राची वही. वर्षभराने ती चाळली, तर पुढच्या बिघाडाला सुरुवात कुठून करायची, हे तीच सांगेल.