स्थिर पठार आणि शाळेतले विज्ञान

विज्ञान म्हणजे सिद्ध झालेले ज्ञान, ही व्याख्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. ती अगदीच चुकीची नाही. परंतु तिच्यात एक मोठी उणीव आहे, आणि ती उणीव दाखवून देणारा प्रसंग आपल्याच जिल्ह्यात घडला आहे. म्हणून दूरच्या गोष्टींपूर्वी घरचीच गोष्ट पाहू.

दक्षिणेचे पठार अतिप्राचीन खडकांवर उभे आहे. सबब ते स्थिर आहे व तेथे मोठ्या भूकंपाचे भय नाही, असे भूगोलाची पुस्तके सांगत असत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला मोठा धक्का बसला, तेव्हा त्याचे कारण धरणाच्या जलाशयात शोधण्यात आले. त्या कारणास पुढे पुष्कळ पुरावाही मिळाला. परंतु पठार स्थिर आहे हा मूळ सिद्धान्त त्यामुळे बहुतांशी तसाच राहिला. सरकारी भूकंप-नकाशात आपला मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. १९९२ साली किल्लारीच्या परिसरात लहान धक्के जाणवले. आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातील, त्यातही सास्तूर परिसरातील, गावे क्षणार्धात जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. पुष्कळशी दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाच्या ओझ्याखाली.

मग विज्ञान खोटे ठरले काय? काहीजण तसे म्हणाले. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाकडे वळले पाहिजे.

इंग्लंडात फ्रान्सिस बेकन याने १६२० साली असे प्रतिपादन केले की, ग्रंथप्रामाण्य सोडावे, निरीक्षणे गोळा करावीत व त्यांतून नियम काढावेत. आधुनिक विज्ञानास या विचाराचे मोठे साहाय्य झाले. परंतु अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने शंका काढली: आजवर जे घडले तेच उद्या घडेल, याला तर्काचा आधार कोणता? कार्ल पॉपर याने १९३४ साली यावर निराळी वाट दाखविली. हजार पांढरे हंस पाहूनही ‘सर्व हंस पांढरे’ हे सिद्ध होत नाही; एक काळा हंस मात्र ते खोडून टाकतो. म्हणून जो सिद्धान्त स्वतःला खोटे ठरविण्याची संधी देतो, तोच वैज्ञानिक. पुढे १९६२ साली टॉमस कून याने दाखविले की, शास्त्रज्ञसुद्धा रूढ चौकट सहजी सोडीत नाहीत. विसंगती साठत जाते, तेव्हा कुठे ती बदलते. पाठ्यपुस्तके हा सारा झगडा पुसून टाकतात, हेही त्यानेच बजावले.

ही दृष्टी आपणांस सर्वस्वी परकी नाही. आपल्या नैयायिकांनी अनुमानाची अशीच कसून परीक्षा केली. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. धुराला ओले सरपण लागते. या लपलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. ‘प्राचीन खडक, म्हणून स्थिर भूमी’ या अनुमानातही अशीच उपाधी दडलेली होती: ‘आपण पाहिलेल्या काळापुरते.’ उपकरणांच्या नोंदी शंभर वर्षांच्या. भूगर्भातील जुन्या भेगांवरचा ताण मात्र हजारो वर्षे साठत राहू शकतो.

विज्ञान खोटे ठरले नाही, कारण चूक विज्ञानानेच तपासली. किल्लारीस सुमारे ३४० मीटर जाडीचा काळा पाषाण भेदून त्याखालच्या मूळ खडकापर्यंत छिद्र घेण्यात आले. २००२ साली नकाशातील पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. जे मत पुराव्यापुढे बदलते, त्यावरच विश्वास ठेवणे शहाणपणाचे.

आता शिक्षणाकडे येऊ. हर्बर्ट स्पेन्सरने १८५९ साली, सर्वांत मोलाचे ज्ञान विज्ञानाचे, असा निर्वाळा दिला. आगरकरांच्या पिढीवर त्याचा ठसा उमटला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळेची पहिली दहा वर्षे विज्ञान सर्वांना अनिवार्य असावे, असे सुचविले. १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे घटनेतील मूलभूत कर्तव्य झाले. विषय शाळेत आला. दृष्टी आली काय? ‘पठार स्थिर आहे’ हे पाठ करणारा आणि ‘पठार अस्थिर आहे’ हे पाठ करणारा, या दोन विद्यार्थ्यांत वैज्ञानिक दृष्ट्या फारसा फरक नाही.

फरक पडेल तो तीन प्रश्नांनी. हे कशावरून? किती काळाच्या निरीक्षणावरून? आणि काय दिसले, तर आपण हे मत सोडू? वर्गात प्रत्येक धड्यानंतर हे प्रश्न विचारण्यास प्रयोगशाळा लागत नाही, पैसाही लागत नाही. गुरुजींना ‘हे अजून ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्य मात्र लागते.

ज्या मुलांनी तो भूकंप पाहिला, त्यांची मुले आज शाळेत आहेत. उद्या ती घरे बांधतील. भिंत कशी बांधावी, तिला पट्टे कोठे द्यावेत, हे त्यांनी केवळ नियम म्हणून न पाळता त्यामागील कारण समजून पाळावे, एवढी अपेक्षा शाळेकडून ठेवणे अवाजवी होणार नाही.